भावकीबाहेरची भाकरी

माझं काम काय ते ऐकलं की लोक जरा मागे सरकून बसतात. तुमच्या धंद्याला आग लागली, पूर आला, सगळी यंत्रं एकदम बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कसा उभा करायचा याचा आराखडा मी करून देते. साखरपुड्याला जाऊन घटस्फोटाचे नियम समजावून सांगावेत तसं हे काम आहे. एरवी मी पुण्यातल्या काचेच्या इमारतींत चकरा मारते. तिथे गारवा असतो, बिस्किटं असतात, आणि कुणाचाच जीव त्यात गुंतलेला नसतो. बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आल्यावर मात्र लिहून काढावंसं वाटलं, कारण तिथे जीव गुंतलेले होते आणि ते दुखावलेले होते.

खामगाव

जलंबला मोठी गाडी सोडून खामगावची छोटी गाडी धरली. कापसाचा हंगाम होता. स्टेशनाबाहेर पडल्यापासून रस्त्याच्या कडेला, बाभळींवर, विजेच्या तारांवर कापसाचे पुंजके अडकलेले दिसत होते. हवेत सरकीच्या तेलाचा वास होता. पहिल्या दिवशी तो डोक्यात जातो, दुसऱ्या दिवशी जाणवेनासा होतो.

मला बोलावलं होतं डॉ. नलिनी वानखडे यांनी. नवऱ्याच्या मागे त्या एकट्या रक्तपेढी चालवतात. पेढीला लागून चार खाटांची एक खोली आहे. थॅलेसेमिया झालेल्या मुलांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्यांच्यासाठी ती राखलेली. भिंतीवर कुणीतरी मोर काढलेला होता. मोराला पिसं जरा जास्तच झाली होती.

नलिनीताईंनी चहा मागवला आणि तो यायच्या आत मला मागच्या अंगणात नेऊन एक भिंत दाखवली. अर्धी भिंत नव्या विटांची होती, अर्धी काळी.

"पलीकडे माझ्या दिरांचं कापसाचं जिनिंग आहे," त्या म्हणाल्या. "बबनराव. आमच्या नोंदींचं यंत्र, सर्व्हर, अलीकडे होतं. त्याची दुसरी प्रत रोज रात्री पलीकडे त्यांच्या ऑफिसात जायची. पुण्याच्या माणसानं सांगितलं होतं, दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. ही दुसरी इमारत."

कापसाला आग लागली की ती विझवायला जाणारा माणूस आधी रडतो, असं तिथली माणसं मला म्हणाली. गेल्या हंगामात बबनरावांच्या गंजीला आग लागली आणि भिंतीच्या दोन्ही बाजू एकाच दुपारी गेल्या. माणसं वाचली, रक्ताच्या पिशव्या वाचल्या. नोंदी गेल्या.

नोंदी म्हणजे काय, हे मला नलिनीताईंनी सावकाश समजावलं. वरचेवर परकं रक्त घेणाऱ्या मुलांच्या शरीरात कधीकधी एखाद्या प्रकारच्या रक्ताविरुद्ध चीड तयार होते. ती काही महिन्यांनी झोपी जाते. मग तपासणी केली तरी दिसत नाही. पण तेच रक्त पुन्हा चढवलं तर ती खडबडून जागी होते आणि आलेलं रक्त फोडून टाकते. ते टाळायचं तर जुनी नोंदच हाताशी लागते.

दुसरबीडच्या वैष्णवी नावाच्या मुलीची अशी नोंद होती. तिचं कार्डसुद्धा होतं. पण गावाकडची माणसं असली कागदं घरी नेत नाहीत. "तुमच्यापाशीच राहू द्या, आमच्या इथं हरवंल," म्हणतात, आणि पेढीवालेही आपलेपणानं ठेवून घेतात. ते कार्डही जळालं. आगीनंतर वैष्णवी तिच्या तारखेला आली. तपासणीत सगळं नीट दिसलं. रक्त दिलं. आठवडा होत आला तोवर पोरगी हळदीसारखी पिवळी पडली, लघवी चहाच्या रंगाची झाली. वडिलांनी तिला छत्रपती संभाजीनगरला नेलं, तिथे ती वाचली.

"तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत," नलिनीताई म्हणाल्या. "इथे तिच्याशी जुळणारे रक्तदाते मी पुन्हा शोधून ठेवलेत. तिथे दर वेळी नव्यानं शोधायला लागतात, तारीख पुढे जाते, पोर फिकी पडत जाते. मला ती परत यायला हवी आहे. पण आज असंच पुन्हा झालं तर? हे मी कुठल्या तोंडानं सांगू?"

चहा केव्हाच निवला होता. मी तो तसाच प्यायले.

माझा आराखडा तसा साधा होता. मुख्य यंत्र खामगावातच राहील. दुसरं यंत्र दूरच्या शहरात, यंत्रं ठेवण्यासाठीच बांधलेल्या इमारतीत. तिथे आपण गाळा भाड्यानं घ्यावा तशी जागा घेतो. यंत्र आपलं, वीज, गारवा आणि पहारा त्यांचा. याला आमच्यात कोलोकेशन म्हणतात. आणि तिसरी प्रत क्लाउडवर, म्हणजे यंत्रसुद्धा दुसऱ्याचंच, आपण वापरू तेवढं भाडं. आपलं यंत्र हाताशी असलं की काम झटकन सुरू होतं. क्लाउड जरा सावकाश उठतो, पण तो कुठल्याच एका भिंतीवर अवलंबून नसतो. दोन्हीचा मेळ घालायचा.

नलिनीताईंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या यंत्राची जागा ठरली आहे. मोताळ्याला. भाऊजींनी तिथल्या आपल्या जागेत खोली बांधलीय."

मोताळा

बाजाराचा दिवस होता. मोताळ्याच्या रस्त्यात मिरच्यांचे ढीग, सोयाबीनची पोती आणि माणसांच्या मधून नलिनीताई स्वतः गाडी हाकत होत्या. हॉर्न न वाजवता नुसतं बघून त्या माणसं बाजूला करत होत्या. पुण्यात हे कुणाला जमेल असं वाटत नाही.

बबनराव फाटकात उभे होते. धिप्पाड माणूस, पण खांदे पडलेले. त्यांनी आधी जेवायला बसवलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी वाढू का' असं विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. इथे विचारायची पद्धत नाही. मी ताटावर हात आडवा धरला तर रोडगा हातावर आला.

मग त्यांनी खोली दाखवली. खरं सांगते, खोली बघून मला गलबलून आलं. इतकी नीटस खोली मी मोठमोठ्या कंपन्यांकडे पाहिलेली नाही. दुहेरी दार, छताला आग ओळखणारी यंत्रणा, बाहेर नवाकोरा जनरेटर, दोन एसी, जमिनीवर धूळ नावाला नाही. दारावर त्यांनी भावाचा फोटो लावला होता, नलिनीताईंच्या नवऱ्याचा.

"माह्याकडून झालं ते," बबनराव म्हणाले. "आता दुसऱ्याच्या दारी काऊन जायचं? घरचीच जागा हाये. भाडं नाई, काई नाई. मी सोता झोपतो अठी, पाह्यजे तर."

मी खोलीला फेरी मारली. मागच्या बाजूला गोदाम होतं. गोदामात छतापर्यंत कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या आणि त्या खोलीच्या भिंतीला टेकल्या होत्या.

विजेची लाइन विचारली. खामगावला येते त्याच बाजूनं. इंटरनेटची केबल विचारली. नांदुऱ्यावरून, खामगावच्याच केबलच्या चरातून. रस्ता रुंद करताना एका जेसीबीनं एक फटका मारला की दोन्हीकडे अंधार.

मी हे बबनरावांना सांगायला तोंड उघडलं आणि ते फोटोची काच रुमालानं पुसताना दिसले. मी तोंड मिटलं. गाडीत बसल्यावर मात्र नलिनीताईंना सांगितलं, शक्य तितक्या सभ्य शब्दांत, मग तितक्या सभ्य नसलेल्या शब्दांत. वहीत खामगाव आणि मोताळ्याची एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढून दाखवली. त्या मान डोलावत राहिल्या.

"तुमचं बरोबर असेल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्या माणसानं वर्षभर दुसरं काही केलं नाही. त्यांना नको म्हणणं म्हणजे आग तुम्ही लावली असं पुन्हा म्हणणं आहे. आणि आपली वस्तू आपल्या माणसाकडे ठेवायची सोडून परक्याकडे? मला नाही पटत."

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती.

वैष्णवीच्या गावाला, दुसरबीडला निघालो होतो. राजूरच्या घाटात टायर बसला. नलिनीताईंनी पदर खोचून स्टेपनी काढली. तिच्यात हवा नव्हती. गाडी घेतल्यापासून ती कुणी पाहिलीच नव्हती. मी काही म्हटलं नाही. माझं न बोलणं त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "पुरे आता." एका ट्रकवाल्यानं हवा भरून दिली तोवर घाटातली सागाची पानं मोजत बसण्याखेरीज काम नव्हतं. खाली मोताळ्याकडची शेतं पांढऱ्या ठिपक्यांची दिसत होती. दुरून कापूस किती शांत दिसतो.

दुसरबीड

चिखली मागे पडली तशी बोली बदलली. वाटेत रस्ता विचारला तर खामगावचा 'मले' गेला होता आणि 'मला' आला होता. 'हाव'च्या जागी 'व्हय' ऐकू यायला लागलं. माणूस जालन्याच्या अंगाला झुकला की जीभही झुकते.

वैष्णवीच्या वडिलांचं, ज्ञानेश्वरचं, हमरस्त्याला चहाचं हॉटेल आहे. आम्ही पोचलो तर त्याचं फळकूट लावलेलं. चौकशी करत घरी गेलो. दारात माणसं बसलेली, बायका आत, आणि आवाज कुणाचाच नाही. ज्ञानेश्वरचे चुलत आजोबा पहाटे गेले होते. दुपारीच माती झाली होती.

आम्ही भलत्या वेळी आलो होतो. मागे फिरणार तेवढ्यात ज्ञानेश्वर उठून आला. बारीक, पस्तिशीतला माणूस. त्यानं नलिनीताईंना ओळखलं. रागावला नाही, हसला नाही. लिंबाखाली बाज टाकली.

"बसा. चहा पाजू शकत नाही, सुतक हाय," तो म्हणाला. "दिवसभर रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला पाजतो, अन् आज दारी आलेल्याला नाही."

वैष्णवी ओट्यावर बसली होती. अकरा-बारा वर्षांची असेल. तिचे ओठ आणि गाल एकाच फिक्या रंगाचे होते. नलिनीताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. त्यांना न तपासताही कळलं होतं.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून दोन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ उतरले; भाकरीच्या टोपल्या, पिठल्याचं पातेलं. वैष्णवीच्या आईच्या माहेरची माणसं होती ती. लांबून आली होती.

आमच्याकडे फ्लॅटमध्ये कुणी गेलं तर शेजारी डबा देतात आणि संध्याकाळपर्यंत तो परत मिळेल ना याची काळजी करतात. मी बघितलं तर ज्ञानेश्वरच्या घराला लागून त्याच्या चुलत्यांची, भावांची पाच-सहा घरं होती. मी हळूच विचारलं, "शेजारीच एवढी घरं आहेत, मग यांना इतक्या लांबून यावं लागलं?"

ज्ञानेश्वरला प्रश्नच कळला नाही. मग कळला. "ते सगळे भावकीचेच ना, मॅडम. सुतक सगळ्याइला संगच लागतं. चूल त्यांची बी बंदच. भाकर सोयऱ्याइकडूनच येती."

त्यानं हे पाणी देतादेता सांगितलं आणि तो पंगतीकडे गेला. मी ते ऐकून सोडून दिलं असतं. नलिनीताई मात्र हातातला तांब्या तसाच धरून बसल्या. वानखड्यांच्या घरात त्यांनी हेच किती वेळा पाहिलं असेल. नवरा गेला तेव्हा त्यांच्याही घरी भाकरी बबनरावांच्या चुलीवरची नव्हती. त्यांच्या माहेरून, अकोल्याकडून आली होती.

"मोताळा म्हणजे भावकी झाली," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी सोयऱ्याकडे ठेवायला हवं होतं."

मी दोन दिवस वर्तुळं काढत होते. आता वही काढायची गरज नव्हती.

जेवणं झाल्यावर ज्ञानेश्वर पुन्हा आला. नलिनीताईंनी सरळ सांगितलं: मुलीला परत पाठव, तिच्या रक्ताचे दाते तयार आहेत, नोंदी आता एका जागी राहणार नाहीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "डॉक्टरबाई, जुनं जळालं म्हणता. जळालं, मान्य. पण तुम्ही माझ्या पोरीला जे रगत दिलं ते आगीनंतर. त्या दिवसाचं काही लिहिलंय का कुठं? का ते बी जळालं म्हणायचं?"

लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसांत कागदाच्या चिठोऱ्यांवर काम चालायचं, आणि नवं यंत्र आल्यावर त्यांवरचं सगळं यंत्रात चढवलं गेलं, वैष्णवीची ही एक नोंद सोडून. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. पण चढवायचं म्हणून कुणाचा हातही धजावला नव्हता. लिंबाची पानं बाजेवर पडत होती. वैष्णवी ओट्यावरून आमच्याकडे बघत होती, आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"सुतक फिटलं की ये," नलिनीताई एवढंच म्हणाल्या. "तुझ्यादेखत इथलं सगळं बंद करून तिची नोंद उघडून दाखवते."

तो 'येतो' म्हणाला नाही.

पुन्हा खामगाव

बबनरावांना सांगायचं काम माझ्यावर येईल अशी मला भीती होती. ते नलिनीताईंनीच केलं, काळ्या भिंतीपाशी उभं राहून.

"भाऊजी, तुमी भावकी हा," त्या म्हणाल्या. माझ्याशी पुस्तकी बोलणाऱ्या बाई दिराशी पार वऱ्हाडी झाल्या. "माह्या घरात सुतक आलं का तुमच्या घरात बी येते. भाकर सोयऱ्यानं आणा लागते. तुमच्या मनात काई खोट हाये म्हनून नाई."

बबनरावांनी काळ्या विटांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "समजलं न मले. पन त्या खोलीचं काय करू आता?"

तिथे मला पहिल्यांदा काहीतरी चांगलं सांगता आलं. यंत्र नागपुरात राहील, तिसरी प्रत त्याहून लांब, क्लाउडवर. पण उद्या ही इमारतच वापरता आली नाही तर नोंदी बघणारी माणसं बसणार कुठे? त्यांना टेबल लागेल, वीज लागेल, मोबाइलचं नेट लागेल, जेवण लागेल. आराखड्यात यंत्रांच्या जागा सगळे लिहितात, माणसांच्या खुर्च्या विसरतात. त्या खुर्च्या मोताळ्याच्या खोलीत.

"गाठी भिंतीपासून हलवा मात्र," मी म्हटलं.

"कालच हलवल्या," ते म्हणाले. म्हणजे गोदामात मी पाहत होते तेव्हा त्यांनी माझा चेहरा वाचला होता.

नागपूरची जागा ठरून यंत्र लागेपर्यंत मी पुण्याला परत गेले होते. परीक्षेच्या दिवशी पुन्हा खामगावला आले. अशा परीक्षेत सगळं ठरवून बंद करायचं आणि उरलेल्यावर काम चालतं का ते बघायचं. न तपासलेली स्टेपनी डिकीत घेऊन फिरण्यात काही अर्थ नसतो. मोताळ्याच्या खोलीत पेढीतल्या दोघी जाऊन बसल्या होत्या. बबनरावांनी त्यांना सकाळीच रोडगे वाढले होते, त्यामुळे त्या जाग्या राहतील का याची मला काळजी होती.

आम्ही वाट बघत होतो ती वेगळ्याच कुणाची. त्याला तारीख कळवली होती, पण त्याच्याकडून निरोप नव्हता. नलिनीताई एकसारख्या फाटकाकडे बघत होत्या आणि बघत नसल्याचं दाखवत होत्या. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "करा सुरू." तेवढ्यात ज्ञानेश्वर आला. मागे वैष्णवी होती, शाल गुंडाळून. चालताना तिला धाप लागत होती.

नलिनीताईंनी त्यालाच मुख्य खटका दाखवला. "तूच पाड."

त्यानं खटका पाडला. पंखे थांबले. यंत्राच्या खोलीतली घरघर थांबली. मोराच्या भिंतीवर फक्त खिडकीचा उजेड राहिला. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप मोबाइलच्या नेटला जोडला होता, तो नलिनीताईंनी त्याच्यापुढे केला आणि मुलीचं नाव घातलं. एक क्षण पडदा कोरा राहिला. मग नागपूरहून वैष्णवीचं पान उघडलं. रक्तगट, तारखा, कोणतं रक्त चालतं, कोणतं कधीच द्यायचं नाही. हे संभाजीनगरच्या डॉक्टरांकडून मागवून पुन्हा बसवलेलं होतं. मोताळ्याहून फोनवर तिथल्या बाईंनीही तेच वाचून दाखवलं.

ज्ञानेश्वरनं ते पाहिलं नाही. तो बोटानं पान खाली सरकवत गेला, आगीनंतरच्या दिवसापर्यंत. तिथे नलिनीताईंनी स्वतः लिहून ठेवलेलं होतं. लिहिलं तेव्हा त्यांनी मला दाखवलं होतं. मी विचारलं होतं, हे आता तीन ठिकाणी राहणार, पुसता येणार नाही, उद्या कुणी कोर्टात नेलं तर? त्या म्हणाल्या होत्या, "म्हणूनच."

त्यानं ते मोठ्यानं वाचलं. शब्द लावत, अडखळत. "जुनी नोंद हाती नसताना... न चालणारं रक्त... या केंद्राकडून... देण्यात आलं. मुलीच्या जिवाला... धोका झाला. जबाबदारी... डॉ. नलिनी वानखडे."

नलिनीताई उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून.

ज्ञानेश्वरनं लॅपटॉप त्यांच्या हातात परत दिला. मग खाली बसून त्यानं वैष्णवीच्या अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि तिला मोराखालच्या खाटेवर बसवलं.

"बाही वर कर, बाई," तो म्हणाला.